न मिटणारा पंख

मी एक जुनी बदकीण आहे, मित्रांनो. लोक 'ते बदक' म्हणतात. ते घमेलं, ते फडकं, तसं ते बदक. मला हे मान्य नाही. मी अंडी घातली आहेत, पिल्लं काढली आहेत आणि या अंगणातल्या कोंबड्यांना वळण लावलं आहे. तेव्हा माझ्याविषयी बोलताना 'ती' म्हणायचं. शाळेत मी गेलेली नाही. एकदा शेजारच्या अंगणवाडीत शिरले होते, तर बाईंनी केरसुणीने हाकललं. तेवढंच माझं शिक्षण. पण जे सांगणार आहे ते ऐकीव नाही. ते मी अंगावर काढलेलं आहे.

माझं नाव विमान. हे नाव घरच्या नातीने, आरोहीने ठेवलं. कारण माझा डावा पंख मिटत नाही. वाऱ्याने छत्री उलटी व्हावी तसा तो मनगटापासून बाहेर वळलेला आहे. हल्ली आमच्या डोक्यावरून खरी विमानं जातात. पोरं आधी वर बघतात, मग माझ्याकडे बघतात आणि हसतात. हसू देत. त्यांचे दात पडलेले असतात, मी हसते का?

आमचं घर चौकहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. घर सोनुबाईचं. कागदावर कोणाचं नाव आहे ते मला ठाऊक नाही, पण आवाज तिचा. पुढे रस्ता, त्यावर खडीचे डंपर. मागे अंगण. अंगणाच्या शेवटी प्लॉटवाल्यांनी घातलेली भिंत आणि भिंतीपलीकडे आमचंच भाताचं शेत, शेताच्या कडेला पाट. माणसाला तिथे जायचं तर रस्त्याने मोठा वळसा घालावा लागतो. बदकाला मात्र भिंतीच्या तळाशी पावसाचं पाणी जायला ठेवलेली मोरी पुरते. पंख अंगाशी घट्ट मिटायचे, मान खाली घालायची आणि सरकत जायचं. पलीकडे पाणी, गोगलगाई, बेडकांची पिल्लं, पाण्यावर तरंगणारा टिकलीएवढा हिरवा पाला. बदकाला याहून जास्त काही लागत नाही. पण पंख मिटायला हवेत. माझी सगळी गोष्ट एवढ्यातच आली.

माझा जन्म शेजारच्या गोदूबाईकडे, कोंबडीच्या पोटाखाली झाला. बदकाची अंडी कोंबडीखाली ठेवायची पद्धत आहे. मी पहिल्यांदा डबक्यात शिरले तेव्हा ती बिचारी काठावर उभी राहून इतकी ओरडली की तिचा घसा बसला. मी थोडी मोठी झाले तशी सोनुबाईने मला एका कोंबड्याच्या बदल्यात घेतलं. गोदूबाई अजून म्हणते की या सौद्यात तिला फसवलं, कोंबडा एका डोळ्याने आंधळा निघाला. सोनुबाई म्हणते, कोंबड्याला काय पोथी वाचायची होती? दोघींची मैत्री ही अशी आहे.

सोनुबाईच्या दारातून कोणी उपाशी गेलं नाही, हा तिचा मान. माणूस असो, गाय असो, की मी असो. तिचा भाचा धनेश बॉयलर कोंबड्यांची शेड चालवतो. कोंबड्या विकल्या गेल्या की गोणीत उरलेलं खाद्य तो आपल्या आत्याला आणून देतो. त्या खाद्यावर बॉयलरचं पिल्लू बघता बघता हंडीत जायच्या लायकीचं होतं. सोनुबाईने विचार केला, कोंबडी फुगते तर बदकही फुगेल. फुगलेच मी. माझं घमेलं कधी रिकामं राहिलं नाही. गोदूबाईने दोन अंगणांमधल्या काटक्यांच्या कुडावरून विचारलं की हे बदक आहे की रेडकू. सोनुबाईला ती शाबासकी वाटली आणि तिने आणखी दोन मुठी टाकल्या.

आता नीट ऐका. पिल्लू वाढीला लागलं की त्याच्या पंखांना नवी मोठी पिसं येतात. त्या पिसांच्या नळ्यांत रक्त भरलेलं असतं, म्हणून ती ओल्या कपड्यासारखी जड असतात. पिल्लू बेताने वाढलं, चाललं, पोहलं, पाला खाल्ला, तर हाडही बरोबरीने घट्ट होतं आणि तो भार पेलतं. पण पोटात सारखं जड खाद्य पडत राहिलं आणि हालचाल नसली, तर पिसं पुढे धावतात आणि हाड मागे राहतं. मग पंख मनगटाशी लोंबायला लागतो, खांद्यावरून पदर घसरावा तसा. घसरलेला पदर आपण लगेच सावरतो. लोंबलेला पंख सावरला नाही, तर तो बाहेर वळतो आणि तसाच आखडतो.

माझा पंख आधी लोंबला, मग बाहेर वळला. गोदूबाईने ते पाहिलं आणि म्हणाली, "सोनू, तुझ्या बदकाला पंख फुटले गं."

हा शब्द माझा जन्माचा वैरी. पोरगी उलटून बोलायला लागली की तिला पंख फुटले म्हणतात. पोरगा न सांगता खोपोलीला सिनेमाला गेला की त्याला पंख फुटले. म्हणजे आता हे हाताबाहेर जाणार, याला बांधा. सोनुबाईने तोच अर्थ घेतला. बदक उडून जाणार! तिने मला डालग्याखाली घातलं. डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची बांबूची मोठी टोपली. वर दगड ठेवला. आत माझं घमेलं, काठोकाठ भरलेलं. ज्या दिवसांत मला चालायला हवं होतं, त्याच दिवसांत मी बसून खाल्लं. बांबूच्या फटींतून अंगण दिसायचं ते सगळं पट्ट्यापट्ट्यांचं. चिरलेली तुळस, चिरलेली सोनुबाई.

डालगं उचललं तोवर हाड घट्ट झालेलं होतं.

खरं सांगू का, आम्ही घरची बदकं तशीही फारशी उडत नाही. उडण्याचं मला दुःख नाही. पण पंख मिटला तर पाठ कोरडी राहते. पंख मिटला तर चिखलात तोल सांभाळतो. आणि पंख मिटला तरच मोरीतून जाता येतं. मी पहिल्यांदा तिथे शिरले तेव्हा माझा हा डावा पंख कडेला अडकला. पुढे जाता येईना, मागे येता येईना. पाणी अगदी नाकासमोर होतं, त्याचा वास येत होता. घरात नवीनच आलेल्या सुनेने, समिधाने, मला पाय धरून ओढून काढलं. तिच्या हिरव्या चुड्याचा आवाज मला अजून आठवतो. त्यानंतर बाकीची बदकं रोज मोरीतून जायची आणि संध्याकाळी ओल्या पायांनी परत यायची. मी अलीकडे बसून त्यांचे पाय बघायची.

पण माझ्यासारखी अंडी कोणी दिली नाहीत, हेही लिहून ठेवा. आरोही पोटात होती तेव्हा समिधाला माझीच अंडी उकडून दिली. सोनुबाई आल्यागेल्याला माझं अंडं तळहातावर ठेवून दाखवायची. त्या काळात मला कोणी विमान म्हणत नव्हतं. 'आमची बदक' म्हणायचे, आणि त्यात मान होता.

मग प्लॉटवरच्या एका बंगल्याचा कुत्रा मोकाट सुटून शेतात आला आणि आमच्यातल्या दोघींना घेऊन गेला. मनोजने, म्हणजे सोनुबाईच्या मुलाने, कुंभिवलीच्या कंपनीतून सुट्टी काढून जाळीचा पिंजरा बांधला. सोनुबाईने सगळ्यांना आत घातलं आणि कडी लावली. मोरी तिथेच राहिली, पाणी तिथेच राहिलं. आता सगळ्याच माझ्यासारख्या झाल्या. दारातून खाद्य यायचं, दारातून अंडी जायची. आम्ही कुठेच जात नव्हतो.

त्याच पिंजऱ्यात मी शेवटची अंडी उबवली. पिल्लं निघाली, पण डाव्या बाजूची पिल्लं माझ्या पंखाखाली राहीनात. पंख झाकतच नाही, तर ती राहणार कशी? ती गारठून चिवचिवायची. समिधाने वर बल्ब लावला. माझ्या पिल्लांना बल्बाने वाढवलं, हे मला आवडलेलं नाही, पण जगली ती त्यामुळेच. त्यांतल्या सगळ्यांत पिवळ्या, सगळ्यांत खादाड पिल्लाचं नाव आरोहीने चिमा ठेवलं. कोणीतरी सांगितलं, अगं, चिमा हे आजीच्या सासूचं नाव. सोनुबाई म्हणाली, राहू दे, तीपण अशीच कलकलायची.

चिमा माझी लाडकी. पहिल्या दिवसापासून ती डाव्या बाजूलाच बसायची, जिथे झाकणारं काही नव्हतं.

धनेशने पुन्हा गोणी आणली. पुन्हा घमेलं भरलं. चिमा खायची, बसायची, उठून पुन्हा खायची. एके दिवशी तिचा डावा पंख मनगटाशी जरासा खाली आला. दुसऱ्या कोणाला कळलंही नसतं. मला कळलं. मी ओरडायला लागले. घरात कोणी म्हणालं, विमान फार कलकल करते, तिला साप दिसला असेल. मनोजने काठीने कोपरे तपासले. साप नव्हता. साप घमेल्यात होता.

मग गोदूबाई आली. तिने जाळीतून वाकून पाहिलं आणि तोच शब्द उच्चारला, की चिमाला पंख फुटले. वर हेही म्हणाली की उडून कोणाच्या तरी हंडीत जाण्यापेक्षा या रविवारी आपल्याच हंडीत घाल. सोनुबाईने हंडीचं ऐकलं नाही, पण पंखांचं ऐकलं. तिने कोपऱ्यातलं जुनं डालगं झटकून काढलं. तेच डालगं. मी त्याच्या काड्या ओळखते.

मला बोलता येत नाही. मला दार उघडता येत नाही. मला एक गोष्ट येत होती, ती मी केली. मी जाऊन घमेल्यात बसले. बूड टेकून, पंख पसरून बसले. चिमा आली की चोच मारायची. ती रडायची, मी हलत नव्हते. सोनुबाईने मला हाकललं, मी पुन्हा बसले. तिने मला सुपाने मारलं. म्हणाली, म्हातारपणी हावरी झाली मेली, पोरीच्या तोंडचा घास खाते. आयुष्यात मला पुष्कळ नावं ठेवली गेली, मित्रांनो. हावरी हे एकच मला लागलं. पण मी उठले नाही.

समिधा दारात तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि पिंजऱ्याजवळ आली. आधी माझ्या पंखाकडे बघितलं, मग चिमाच्या.

"आई, चिमाचा पंख बघा जरा. ती विमानासारखी व्हायला लागलीय."

"विमान जन्माचीच तशी हाय," सोनुबाई म्हणाली.

"नाय आई. मी लगीन करून आले तवा तिचे दोनी पंख सरळ व्हते. डालग्यातून काढली तवा वाकडी निघाली."

"मंग? माझ्या हातचं खाऊन वाकडी झाली म्हनतेस?"

समिधाने मान खाली घातली नाही. "व्हय. तसंच म्हनते."

या घरात सोनुबाईला असं कोणी बोललेलं नव्हतं. तिने डालगं उचललं, मला वाटलं आता चिमा गेली. पण तिने ते भिंतीला टेकवलं आणि आत गेली. त्या दिवशी तिने घमेलंही भरलं नाही.

सकाळी ती ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आली. चिमाला कापडी पिशवीत घातलं, मुंडकं बाहेर ठेवलं. समिधा मागून निघाली. कर्जतच्या जनावरांच्या दवाखान्यात जायचं होतं. गोदूबाईने कुडावरून विचारलं की बदक घेऊन पाहुणी चालली कुठे. सोनुबाई थांबलीसुद्धा नाही. "तुझ्या हंडीची नजर चुकवायला," म्हणाली आणि टमटममध्ये बसली.

मी जाळीला चोच लावून बसले. दिवस वर आला, कलला. दवाखाना म्हणजे काय मला ठाऊक नव्हतं. पिशवीत घालून नेलेली कोंबडी परत आलेली मी तरी पाहिली नव्हती.

चिमा परत आली. तिचा डावा पंख घडी घालून बांधलेला होता.

तिथे काय झालं ते मला सोनुबाईच्याच तोंडून कळलं. ती ते सगळं गोदूबाईला कुडावरून सांगत होती, जणू दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमना तिनेच शिकवलं. म्हणे, हाड कोवळं आहे तोवर पंख वळवता येतो, ही वेळ गेली की देवालाही जमायचं नाही. म्हणे, पंख जसा अंगाशी मिटतो तशी घडी घालून मऊ पट्टीने पंख पंखालाच बांधायचा, छातीभोवती आवळायचा नाही. चिकटपट्टी पिसांना लावायची नाही. पट्टी रोज सोडून पंख हलवू द्यायचा, सूज नाही ना, गार पडला नाही ना बघायचं, आणि पुन्हा बांधायचं. चार-पाच दिवसांत फरक दिसला पाहिजे. बॉयलरचं खाद्य बंद. त्याऐवजी कोंडा, सालासकट भिजवलेलं भात, घोळाची भाजी, शेवग्याचा पाला. आणि चालणं, पोहणं.

"आन विमानाचं?" गोदूबाईने विचारलं.

"म्हातारीचं आता काय व्हनार नाय म्हनाली."

मी ऐकलं. जाळीतून माणूस येत नाही, बोलणं येतं.

दुसऱ्या दिवशी सोनुबाईने स्वतः पट्टी बांधायला घेतली. जुन्या लुगड्याची मऊ चिंधी फाडली. तिचं बांधणं म्हणजे सरपणाची मोळी बांधल्यासारखं. छातीभोवती दोन वेढे, वर गाठ. चिमा आ वासून एका अंगावर कलंडली. समिधाने धावत येऊन गाठ सोडली आणि म्हणाली, आई, श्वास घेऊ द्या तिला, ती पळून चाललेली नाही. सोनुबाई समिधाच्या बोटांकडे बघत राहिली. पंखाला तेवढीच पट्टी, बोट आत जाईल इतकी सैल. तिसऱ्या दिवशी सोनुबाईने तशीच बांधली आणि नंतर सगळ्यांना सांगितलं की हे तिला आधीपासून येत होतं.

राहिला पिंजरा. मॅडमनी सांगितलं होतं, चालवा. सोनुबाई म्हणत होती, कुत्रा आहे. दोन्ही खरं होतं. शेवटी तिने काय केलं? पिंजऱ्याची कडी काढली, आमचं खाद्याचं घमेलं मोरीजवळ पालथं घातलं आणि त्यावर काठी घेऊन बसली. सकाळ-संध्याकाळ. बाकीची बदकं मोरीतून पलीकडे जायची, तिथे वळसा घालून गेलेली समिधा उभी असायची. पट्टी बांधलेली चिमा मात्र अलीकडेच, माझ्यासोबत, अंगणात चालायची. गोदूबाईने विचारलं की सोनू, या वयात बदकांची राखण करायला लागलीस का. सोनुबाई म्हणाली, तुझ्या जिभेची राखण करण्यापेक्षा हे सोपं.

पहिल्यांदा पट्टी सोडली तेव्हा पंख पुन्हा खाली आला. सोनुबाईने ओठ घट्ट मिटले. पुन्हा बांधली. दुसऱ्यांदा सोडली तेव्हा थोडा कमी आला. मग एका सकाळी पट्टी सोडली आणि पंख जिथे होता तिथेच राहिला. चिमाने झटकून पाहिला, पुन्हा मिटला. सोनुबाईने ती चिंधी धुऊन वळणीवर टाकली आणि समिधाला पलीकडे पाठवलं.

चिमा मोरीजवळ गेली. आत मुंडकं घातलं. मग छाती. मग पाठ. जिथे माझा पंख अडकला होता तिथे ती थांबली. मला तिची नुसती शेपटी दिसत होती. ती हलत नव्हती. सोनुबाई घमेल्यावरून उठली. मी ओरडले नाही. मला आठवतं, तिथे कोणी ओरडलं की घाबरून पंख आणखी पसरतो.

शेपटी दिसेनाशी झाली. मग भिंतीपलीकडून समिधाचा आवाज आला.

"आली, आई."

त्यानंतर पाणी उडाल्याचा आवाज.

गोदूबाई कुडाला रेलून बघत होती. म्हणाली, "आता तरी म्हन, पंख फुटले."

सोनुबाई म्हणाली, "फुटले नाय गं. मिटले."

मित्रांनो, तुमच्या दारात बदकाचं पिल्लू वाढत असेल, तर माझं एवढं ऐका. त्याला प्रेमाने खाऊ घाला, पण घमेलं भरून प्रेम मोजू नका. पाला द्या, पाणी द्या, चालायची जागा द्या. सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना सांगा, बाबांनो, पाव-बिस्किटं स्वतः खा. रोज एकदा त्याच्या पंखाकडे बघा. मनगटाशी लोंबताना दिसला तर त्याच दिवशी नीट तपासा, त्याच आठवड्यात बांधा आणि जाणत्याला दाखवा. उद्या म्हणालात तर ते पिल्लू जन्मभर माझ्यासारखं भिंतीच्या अलीकडे बसेल. आणि कोणालाही पंख फुटले असं वाटलं की लगेच डालगं शोधू नका. आधी जवळ जाऊन बघा, दुखतंय का ते.

त्या सकाळी मी मोरीपाशी बसून पलीकडचं पाणी ऐकत होते. सोनुबाईने काठी भिंतीला लावली. गुडघ्यावर हात देऊन वाकली आणि मला उचललं. मला उचललेलं आवडत नाही, मी चोच मारली. तिने मला शिवी दिली आणि काखेत घेतलं. मग ती अंगण ओलांडून, रस्त्याच्या कडेने, डंपरांच्या धुळीतून तो सगळा वळसा चालत शेताकडे निघाली. ती माझी माफी मागेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही सोनुबाईला ओळखत नाही. पण तिने कोपर अंगाशी घट्ट धरलं होतं. त्या कोपराखाली माझा डावा पंख पाण्यापाशी पोहोचेपर्यंत मिटलेला होता.